कॅपचं सिमेंट: एक धरतं, एक चिकटतं

करदंट (डिंक-सुकामेव्याची चिवट मिठाई) गोकाकचा आणि त्याच्यासोबत निघून आलेली दाढेची कॅप खानापूरची. चार महिन्यांपूर्वी मीच बसवलेली. मावशींनी ती रुमालाच्या गाठीतून काढली. "डॉक्टर, सिमेंट कमी घातलासा काय?" कमी नव्हतं, चुकीचं होतं.

बोलताना दोन्ही 'सिमेंट'च, पण ग्लास आयोनोमर आणि प्लास्टिकसारखं रेझिन यांची जात वेगळी. ग्लास आयोनोमर म्हणजे फ्लोराइडयुक्त काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. विल्सन आणि केंट यांनी १९७२च्या सुमारास ते पुढे आणलं. दातातल्या कॅल्शियमशी ते जुळतं, फ्लोराइड सोडतं, खिशालाही परवडतं. घोटलेल्या सिमेंटची चकाकी जायच्या आत कॅप बसली पाहिजे, एवढं सांभाळायचं. जुलैत खानापूरच्या पावसात फ्रिजमधली काचेची पट्टी बाहेर काढली की तिला घाम फुटतो. तो पुसला नाही तर घोटतानाच पाणी मिसळतं.

पण त्याचा चिकटपणा बेताचा. खरी पकड दाताच्या घडणीची. तासलेला खुंट दाढेला निदान ४ मिमी उंच आणि भिंती फारशा निमुळत्या नसल्या, तर धातूची किंवा झिर्कोनियाची (कणखर पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप यावर वर्षानुवर्षं टिकते. मावशींचा खुंट जेमतेम ३ मिमी, तोही निमुळता. तिथे रेझिनच हवं होतं.

रेझिन खरोखर चिकटतं, म्हणून व्हेनिअरसारख्या (दाताच्या दर्शनी बाजूवरचं कवच) पातळ कामाला दुसरं काही चालत नाही. पण त्याचे लाड फार. कॅप लिथियम डायसिलिकेटची (काचेसारख्या सिरॅमिकची) असेल तर तिला आतून हायड्रोफ्लोरिक आम्ल, मग सिलेन, म्हणजे सिरॅमिक आणि रेझिन जोडणारं द्रव्य. झिर्कोनियाला त्या आम्लाचा उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरणारा फॉस्फेट रेणू) असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधीचा लेप, लागतो. कॅप तोंडात लावून पाहिल्यावर लाळ लागते, ती फॉस्फोरिक आम्लाने धुवायचा मोह होतो. झिर्कोनियावर तसं करू नये, फॉस्फेट पृष्ठभागावर बसतं आणि प्रायमरला जागाच उरत नाही.

आणि कोरडेपणा! रेझिनला तो हवाच. कडा हिरडीखाली खोल, रक्त थांबत नाही, अशा ठिकाणी मी महागड्या रेझिनच्या नादी लागत नाही.

मावशींची हिरडीही त्या दिवशी सुजलेली होती. कॅप तात्पुरती बसवली, पण लवंग तेलातलं युजेनॉल नसलेल्या सिमेंटवर, कारण युजेनॉल राहिलं तर रेझिन नीट घट्ट होत नाही. आठवड्याने बोलावलंय. तोवर करदंट बंद.