कॅसेटी आणि तबकड्या जपायच्या आहेत? कॉम्प्युटर की रेकॉर्डर, हे ठरवण्याआधी

कॅसेटींची पिशवी काउंटरवर ठेवत बहुतेक जण विचारतात, ‘कॉम्प्युटरवर घ्यावं की त्यासाठी वेगळं मशीन घ्यावं?’ आम्ही उलट विचारतो, ‘डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, कोणता आहे, आणि शेवटचा कधी साफ केला होता?’ पुढे काहीही जोडा, डेकमधून जो आवाज बाहेर येतो त्यापेक्षा चांगला आवाज साठवला जाणार नाही.

म्हणून खर्चाची सुरुवात तिथून करा. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि टेप ओढणारा रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कॅसेटमध्ये टेपच्या मागे फोमचा इवलासा पॅड असतो. तो गळून पडला की आवाज दबका येतो आणि लोक डेकला दोष देतात. टेप दुसऱ्या डेकवर भरलेली असेल तर हेडचा कोन किंचित जुळवावा लागतो. स्क्रू अर्धा फेरा फिरला की तबल्याची चाट अचानक मोकळी ऐकू येते. टेपवर पांढरी बुरशी दिसली (कोकणातून आणि मुंबईहून येणाऱ्या खोक्यांत ती हमखास असते) तर ती कॅसेट लावूच नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटींवर जाते.

आता मूळ प्रश्न.

कॉम्प्युटर बहुतेकांच्या घरी आहेच, आणि ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पण लॅपटॉपला आवाज आत घ्यायला जे भोक असते ते माइकसाठी. त्यात डेकची वायर खुपसली की आवाज फाटतो, शिवाय बऱ्याचदा स्टिरिओचा मोनो होतो. मधे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी छोटी डबी, हवाच. घूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्लीप मोड आणि आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा, नाहीतर विलंबित ख्याल रंगात आलेला असताना लॅपटॉप झोपी जातो.

वेगळे मशीन म्हणजे रेकॉर्डर, त्यात ही भानगड नाही. वायर जोडा, लाल बटण दाबा, मेमरी कार्डवर फाइल तयार. ज्यांना कॉम्प्युटरपुढे बसायचा कंटाळा आहे, त्यांना आम्ही हाच सुचवतो. घेताना ‘लाइन इन’ (डेकची वायर जोडायचे भोक) आहे ना, एवढे बघा. काही छोट्या रेकॉर्डरना नुसता माइक असतो. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. थेट सीडीवर भरणारी जुनी मशीन कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. घरी लिहिलेल्या सीडीचा भरवसा नसतो.

रेकॉर्डरची खोट नंतर कळते. कार्डवर ००१, ००२ अशा शंभर फाइली जमतात आणि कशात काय आहे ते कुणालाच आठवत नाही. नावे देणे, गाणी वेगळी करणे ही कामे शेवटी कॉम्प्युटरवरच होतात. त्यामुळे आमचे मत विचाराल तर, भरावे रेकॉर्डरवर आणि नावे देऊन नीट लावावे कॉम्प्युटरवर. कव्हरच्या आतल्या कागदाचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वडिलांच्या अक्षरातले ‘भैरवी, गणेशोत्सव १९८४’ हासुद्धा संग्रहाचाच भाग आहे.

तबकड्यांसाठी दोन्हीकडे एक गोष्ट लागतेच, फोनो प्रीअँप. तबकडी कापतानाच खर्ज कमी केलेला असतो. प्रीअँपने तो परत भरून काढला नाही तर गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई त्यांच्या खाचेच्या तळाशी घासत राहते.

खरखर काढण्याचा मोह आवरा. जास्त काढली की तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकारही जाते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, प्रयोग तिच्या प्रतीवर करा.

जागेचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाभराची स्टिरिओ वेव्ह फाइल साधारण १ जीबी होते. फ्लॅक या प्रकारात बदलली तर ती बरीच लहान होते आणि आवाजात काही कमी होत नाही. म्हणजे १०० कॅसेटींना फार मोठी डिस्क लागत नाही, पण दोन लागतात, आणि दुसरी दुसऱ्या घरी. वेळ मात्र कुठल्याच मशीनने वाचत नाही. ९० मिनिटांची कॅसेट भरायला ९० मिनिटेच लागतात, म्हणजे तशा १०० कॅसेटींना १५० तास. वीस-पंचवीसच कॅसेटी असतील तर काहीच विकत घेऊ नका, आमच्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या.

दुकानात दोन्ही पद्धती जोडून ठेवल्या आहेत. एक कॅसेट घेऊन या, समोर बसून ऐका आणि मग ठरवा. फक्त पहिल्यांदा येताना घरातली सगळ्यात लाडकी कॅसेट आणू नका. जुन्या टेपा कधीकधी पहिल्याच फेऱ्यात तुटतात.