मोबाइल डेटा वहन

फोन आणि इंटरनेट यांच्यात माहितीची ने-आण करणारी दूरसंचार व्यवस्था. तिला बिनतारी म्हणतात, पण खरोखर बिनतारी असतो तो फोनपासून टॉवरपर्यंतचाच टप्पा. दाट वस्तीत काहीशे मीटरचा, मोकळ्या माळावर काही किलोमीटरचा. त्यापुढे बहुतेक मार्ग जमिनीखालच्या फायबरचा, आणि फायबर पोहोचत नाही अशा डोंगराळ भागात टॉवरवरच्या गोल मायक्रोवेव्ह तबकड्यांचा. या व्यवस्थेपुढची मुख्य अडचण अशी की इंटरनेटवर पत्ता एका जागेशी बांधलेला असतो, आणि फोन तर सतत फिरत असतो.

फोर-जी पद्धतीत टॉवर वेळेचे एकेका मिलिसेकंदाचे आणि फ्रिक्वेन्सीचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे पाडतो. कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हे टॉवरवरचा शेड्युलर ठरवतो. फोनला मनाला येईल तेव्हा बोलता येत नाही. आधी मागणी नोंदवायची, मंजुरी मिळाली की पाठवायचे. सिग्नल स्वच्छ असेल तर एका तुकड्यात जास्त बिट बसतात, अस्पष्ट असेल तर कमी. विसर्जन मिरवणुकीत किंवा वारीच्या मुक्कामी ‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. ती रास्तच असते. पडद्यावरच्या दांड्या सिग्नलची ताकद सांगतात. हजारो फोनांच्या गर्दीत आपल्या वाट्याला किती तुकडे आले, हे त्या सांगत नाहीत.

फोन काही सेकंद गप्प राहिला की टॉवर त्याच्याशी असलेला रेडिओ संपर्क सोडून देतो. बॅटरी टिकते ती यामुळे. मग नेटवर्कला फोनचा फक्त ढोबळ इलाखा ठाऊक असतो. व्हॉट्सॲपवर निरोप आला की त्या इलाख्यातल्या टॉवरवरून फोनच्या नावाने पुकारा होतो. फोन ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन तो ऐकतो आणि जोडणी पुन्हा उभी राहते. थोडा वेळ फोन पडून राहिल्यावर पहिले पान उघडायला किंचित रेंगाळते, त्याचे एक कारण हे.

टॉवरने स्वीकारलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा पत्ता घातलेला छोटा गठ्ठा, लगेच इंटरनेटवर जात नाही. टॉवर त्यावर दुसरे वेष्टन चढवतो आणि त्यावर कंपनीच्याच गेटवेचा, म्हणजे तिच्या जाळ्यातून इंटरनेटकडे उघडणाऱ्या दाराचा, पत्ता घालतो. बोगद्यासारख्या या रचनेच्या नियमावलीला जीटीपी म्हणतात. गेटवेवर वेष्टन उतरते आणि आतले पॅकेट मोकळ्या इंटरनेटवर सोडले जाते. फोनला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा पत्ता, देतो तोही गेटवेच. पुणे–कोल्हापूर एसटीत बसून क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या प्रवाशाचा फोन वाटेत कितीतरी टॉवर बदलतो. प्रत्येक वेळी बोगद्याचे टॉवरकडचे टोक तेवढे उचलून पुढच्या टॉवरला जोडले जाते, आणि जुन्या टॉवरकडे पोहोचवायची राहिलेली पॅकेटे तो नव्याकडे सरकवतो. गेटवेकडचे टोक आणि पत्ता मात्र तोच राहतो. सामना दाखवणाऱ्या सर्व्हरला बस हललेलीही कळत नाही.

गेटवे मोजक्याच शहरांत असतात. त्यामुळे सावंतवाडीच्या ग्राहकाला एखादे संकेतस्थळ बिनदिक्कत मुंबईकर समजते. शिवाय आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा तुटवडा असल्याने एकाच जाहीर पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले जातात. आयपीव्ही६ या नव्या, मुबलक पत्त्यांच्या पद्धतीत ही कोंडी उरत नाही.

या रचनेचा सांगाडा टू-जी काळातल्या जीपीआरएस या डेटा सेवेचा आहे. जीटीपीतला ‘जी’ तिथलाच. एअरटेलच्या फोनमधली एपीएनची सेटिंग उघडली, तर फोर-जीच्या जमान्यातही तिथे ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ असे लिहिलेले सापडते. कोणत्या गेटवेकडे जायचे, हे फोन या नावाने सांगतो. ते चुकले तर कॉल लागतात, पण नेट उघडत नाही. फोर-जीची पहिली व्यावसायिक सेवा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे सुरू झाली. भारतात ती एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात आणली. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओने टू-जी, थ्री-जी ठेवलेच नाही, त्यामुळे तिथे आवाजही डेटा पॅकेटांतूनच जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचा प्रारंभ झाला. एअरटेलने सुरुवातीला फाइव्ह-जीचा रेडिओ फोर-जीच्या गाभ्यालाच, म्हणजे टॉवरमागच्या गेटवे वगैरे यंत्रणेलाच, जोडला, जिओने गाभाही नवा उभारला. पडद्यावर दोन्हीकडे ‘५जी’ हेच चिन्ह दिसत असले तरी आतली व्यवस्था वेगळी होती.

परदेशी रोमिंगमध्ये बोगदा सहसा मायदेशापर्यंत लांबवला जातो. भारतीय सिम घेऊन दुबईत उतरलेल्या माणसाने दुबईतल्याच सर्व्हरवरचे पान मागितले, तरी पॅकेट आधी भारतातल्या गेटवेपर्यंत येते आणि तिथून पुन्हा दुबईला जाते. पान उशिरा उघडते, आणि जाहिराती भारतातल्याच दिसतात. तिथले स्थानिक सिम घातले की हा फेरा संपतो.