रतिनिर्बंध

संग (शरीरसंबंध) कोणाशी करावा, कोणत्या रात्री करावा, किती दिवसांनी करावा आणि नियम मोडल्यास काय भरावे, याविषयी धर्मशास्त्रांनी, धर्मसंघांनी व राज्यांनी घातलेली बंधने. अशी बंधने बहुतेक सर्व संस्कृतींत सापडतात आणि बाहेरच्या माणसाला ती हटकून विचित्र वाटतात. हा विचित्रपणा बऱ्याच अंशी पुराव्याच्या अडचणीतून येतो. बंद दाराआड साक्षीदार नसतो. म्हणून नियम करणारा कधी दिवस मोजायला लावतो, कधी चुकणाऱ्याकडूनच कबुली काढतो, तर कधी नवऱ्यालाच फिर्यादी करतो. नाशिक-त्र्यंबक परिसरात भिक्षूंची लेणी, गोदाकाठची तीर्थकर्मे आणि सिंहस्थ एकत्र असल्याने यांतले काही नियम इथे प्रत्यक्ष जागेवर ठेवून तपासता येतात.

दिवसांची मोजणी

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाल, म्हणजे गर्भधारणेला योग्य मानलेला काळ, १६ रात्रींचा सांगितला आहे. रजोदर्शनापासूनच्या (पाळी सुरू झाल्यापासूनच्या) पहिल्या ४ रात्री, तसेच अकरावी आणि तेरावी अशा ६ रात्री वर्ज्य; उरल्या १०. त्यांतून अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या पर्वतिथी वगळायच्या. पर्वतिथी महिन्यात सहा येतात (दोन अष्टम्या, दोन चतुर्दश्या, एक पौर्णिमा, एक अमावास्या), तेव्हा हाती ७-८ रात्री राहतात. सम रात्री पुत्रासाठी, विषम रात्री कन्येसाठी. वर्ज्य ६ आणि आणखी ८ रात्री जो टाळतो तो गृहस्थ असूनही ब्रह्मचारीच, असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे १६ पैकी दोन रात्रींवर भागवणाऱ्याला ब्रह्मचाऱ्याचे पुण्य मिळते. सवलत उदारच म्हणायची.

मोजणीत पहिली अडचण येते ती रजोदर्शन रात्री झाल्यास. पहिला दिवस कोणता धरायचा? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या धर्मसिंधूत याचे पर्याय दिले आहेत. रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन भाग मागच्या दिवसात आणि तिसरा पुढच्या दिवसात मोजावा, किंवा मध्यरात्र ही सीमा मानावी, किंवा सूर्योदय. यांत आपापला देशाचार पाहावा. जननाशौच आणि मृताशौचालाही (जन्माच्या व मृत्यूच्या सुतकालाही) हीच रीत लागते. एका दिवसाच्या फरकाने सम रात्र विषम होते, हे लक्षात घेतले की इतकी काटेकोर चर्चा का झाली ते कळते.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहता अंडमोचन (अंडाशयातून अंड बाहेर पडणे) पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी होते. शुक्राणू स्त्रीशरीरात ५ दिवसांपर्यंत टिकतात, अंड मात्र १२ ते २४ तासच. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात गर्भधारणेला अनुकूल दिवस अंदाजे नववा ते चौदावा, म्हणजे ऋतुकालाच्या आतले. ३५ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रीचे अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास होते आणि तिच्या बाबतीत सोळा रात्रींचा हिशेब जवळजवळ पूर्ण चुकतो. सम-विषमाला काहीच आधार नाही. अपत्याचे लिंग शुक्राणूतील एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरते.

ज्यू धर्मशास्त्रातील निद्दा या पाळीविषयीच्या नियमाने हीच मोजणी उलट दिशेने ताणली. पाळीचे किमान ५ दिवस (काही परंपरांत ४), त्यानंतर एकही डाग नसलेले सलग ७ दिवस, आणि मग मिकवे या स्नानकुंडात पूर्ण बुडी. कुंडात ४० सेआ (एक प्राचीन ज्यू माप) इतके नैसर्गिक, न ओतलेले पाणी असलेच पाहिजे. स्वच्छ दिवसांची खात्री स्त्रीने पांढऱ्या कापडाने स्वतःच करायची असते. मध्येच डाग दिसला तर सातांची मोजणी पुन्हा एकपासून. याचा परिणाम असा की ज्यांचे चक्र २३-२४ दिवसांचे आहे त्यांचे अंडमोचन बाराव्या दिवसाच्या आधीच उरकते आणि निरोगी जोडप्यालाही मूल होत नाही. यावर धर्मनियम न मोडता इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अंडमोचन काही दिवस पुढे ढकलण्याचा उपचार करतात. वंध्यत्वाचे कारण पंचांगात आणि औषध दवाखान्यात, असे उदाहरण विरळाच.

मध्ययुगीन युरोपातील चर्चने तर वर्षच पोखरले. रविवार, ईस्टरपूर्वीचे ४० उपवासाचे दिवस, नाताळपूर्व काळ, काही ठिकाणी बुधवार-शुक्रवार, शिवाय पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण. वर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने अकराव्या शतकाच्या आरंभी केलेल्या संग्रहात पाद्र्याने विचारायचे प्रश्न आणि त्यांचे दर दिले आहेत. उपवासाच्या चाळीस दिवसांत पत्नीशी संग केल्यास ४० दिवस भाकरी-पाणी किंवा २६ सॉलिडस (नाणी) दान. दारूच्या नशेत घडल्यास २० दिवस. नशेने दोष निम्मा होतो हे आजच्या वाचकाला खटकेल, पण तिथे हेतू मोजला जाई. या पद्धतीतला धोका त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांनाही दिसत होता. प्रश्न फार तपशिलात विचारला तर कबुली द्यायला आलेला माणूस नवीनच काही शिकून जायचा.

संग न करणे हाही दोष

बंधन म्हणजे मनाईच असे नाही. ऋतुस्नात (पाळीनंतर न्हालेली) पत्नी जवळ असूनही जो तिच्याकडे जात नाही त्याला भ्रूणहत्येचे पाप लागते, असे पराशरस्मृती सांगते. श्लोकातला ‘सन्निधौ’ हा शब्द महत्त्वाचा. प्रवासात असलेल्याला दोष नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाने तर नवऱ्याच्या धंद्यानुसार वेळापत्रकच लावले आहे. रिकामटेकड्याने रोज, मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढववाल्याने आठवड्यातून एकदा, उंटवाल्याने ३० दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. हा पत्नीचा हक्क असल्याने नवऱ्याला धंदा बदलून दूरचा मार्ग धरायचा तर तिची संमती लागते. कुराणात पत्नीपासून दूर राहण्याच्या शपथेला चार महिन्यांची मर्यादा आहे. त्यानंतर परत यावे किंवा तलाक द्यावा.

याच कर्तव्यकल्पनेचा महाराष्ट्रात सर्वांत मोठा स्फोट रखमाबाईंच्या खटल्याने झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी जायला नकार दिल्यावर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पत्नीने नांदायला यावे असा दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. दाव्याचा हा प्रकार मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच, इंग्लंडच्या चर्चन्यायालयांतून इकडे आला होता. इंग्लंडने तो १९७० मध्ये मोडीत काढला. भारतात मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये तो टिकून आहे. रखमाबाई वारल्या त्याच वर्षीचा हा कायदा. आज हुकूम न पाळल्यास तुरुंग नाही, मालमत्तेची जप्ती होऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध धरले. व्यवहारात त्याचा उपयोग बहुधा उलटाच होतो. हुकूमानंतर एक वर्ष सहवास सुरू झाला नाही तर कलम १३(१अ) खाली घटस्फोट मागता येतो. म्हणजे नांदायला बोलावण्याचा दावा सुटण्याच्या तयारीने लावला जातो.

संमतिवयाचा वादही ऋतुकालाच्याच नियमावर पेटला. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीसाठीही वयोमर्यादा १० होती. कलकत्त्यात फुलमणी या दहा वर्षे उलटलेल्या मुलीचा नवऱ्याच्या संगाने मृत्यू झाला, तेव्हा बलात्काराचे कलम लागलेच नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९१ च्या कायद्याने मर्यादा १२ केली. पहिल्या ऋतूतच गर्भाधान केले पाहिजे, सबब हा धर्मात हस्तक्षेप आहे, असा विरोधकांचा मुद्दा होता आणि टिळक विरोधाच्या आघाडीवर होते. डॉ. रा. गो. भांडारकरांनी ग्रंथांचे आधार देऊन गर्भाधान पुढे ढकलता येते हे दाखवले.

साक्ष कुठून आणायची

इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसने केलेल्या रोमन व्यभिचार कायद्यात हा प्रश्न नवऱ्यावर ढकलला होता. पत्नीचा व्यभिचार कळूनही तिला न सोडणारा नवरा भडवेगिरीच्या गुन्ह्याला पात्र. सोडल्यानंतर ६० दिवस खटला भरण्याचा पहिला हक्क नवरा व बाप यांना, मग चार महिने कोणालाही. दोष सिद्ध झाल्यास स्त्रीचा निम्मा हुंडा व एक तृतीयांश मालमत्ता आणि पुरुषाची निम्मी मालमत्ता जप्त, दोघे वेगवेगळ्या बेटांवर हद्दपार. इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसला स्वतःच्याच मुलीला, जुलियाला, बेटावर धाडावे लागले.

फ्रान्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत नपुंसकतेच्या दाव्यात जोडप्याला वैद्य आणि सुइणी यांच्या देखरेखीखाली संग करून दाखवावा लागे. १६५९ मध्ये लांजे या सरदाराला ते जमले नाही आणि विवाह रद्द झाला. पुढे दुसऱ्या पत्नीपासून त्याला सात मुले झाली. पडद्याआड माणसे बसली असताना शरीर साथ देत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला वेळ लागला; पॅरिसच्या पार्लमेंटने १६७७ मध्ये ही परीक्षा बंद केली.

अमेरिकेतील न्यू हेवन वसाहतीत १६४२ मध्ये याहून वाईट घडले. एका डुकरिणीला एकडोळे पिल्लू झाले. जॉर्ज स्पेन्सर या नोकराचाही एक डोळा अधू होता. त्याच्याकडून कबुली घेतली गेली, ती त्याने मागे घेतली. मृत्युदंडाला दोन साक्षीदार लागत. न्यायालयाने मागे घेतलेली कबुली हा एक आणि पिल्लू हा दुसरा साक्षीदार धरला, आणि स्पेन्सरला फाशी दिले.

दंड आणि प्रायश्चित्त

कौटिल्याने अशा गोष्टींचा थंडपणे दर ठरवला. अयोनिसंग किंवा पुरुषाशी संग यांना पूर्वसाहस दंड, म्हणजे ४८ ते ९६ पण (तेव्हाचे नाणे). पशूशी १२ पण. देवतेच्या मूर्तीशी त्याच्या दुप्पट, २४ पण. शेवटचे कलम कोणा विक्षिप्ताच्या उद्योगावरून आले असावे असे वाटते, पण ते अर्थशास्त्रात आहे. रूपाजीवेने (वेश्येने) दरमहा आपल्या दोन दिवसांच्या कमाईइतका कर राजाला द्यायचा.

मनूची प्रायश्चित्ते दोन टोकांना आहेत. दिवसा, पाण्यात किंवा बैलगाडीत संग केल्यास नेसत्या वस्त्रांनिशी स्नान पुरते. रजस्वलेशी संगाला सांतपन कृच्छ्र हे प्रायश्चित्त: एक दिवस गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप आणि कुशोदक (दर्भाचे पाणी), दुसऱ्या दिवशी उपास. व्रत मोडणाऱ्या ब्रह्मचाऱ्याने रात्री चव्हाट्यावर निर्ऋती या देवतेला काणे गाढव अर्पण करायचे, त्याचे कातडे पांघरून सात घरी आपले कर्म सांगत भीक मागायची, आणि हे वर्षभर. गुरुपत्नीगमनाला तापलेली लोखंडी शय्या. बैलगाडीपासून तापल्या लोखंडापर्यंतचे हे अंतर पाहता खरा राग संगावर नसून विश्वासघातावर आहे हे उघड होते.

शूर्पणखेचे नाक पंचवटीत कापले गेले असे नाशिककर सांगतात. नाक कापणे ही कथेपुरती शिक्षा नव्हती. व्यभिचारी स्त्रीचे नाक-कान कापण्याची तरतूद अर्थशास्त्रात आहे. मध्य-असीरियन कायद्यात नवऱ्याने पत्नीचे नाक कापले तर जाराला (तिच्या प्रियकराला) षंढ करायचे, आणि पत्नीला माफ केले तर जारही सुटायचा. दोघांची शिक्षा अशी बांधून ठेवल्याने नवऱ्याला संगनमत करून केवळ दुसऱ्याचा काटा काढता येत नसे.

नाशिकमधील संदर्भ

त्रिरश्मी अर्थात पांडवलेण्यांतील तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने भद्रायनीय पंथाच्या भिक्षूंना दिले. भिक्षूला पहिल्याच पाराजिक (संघातून काढून टाकणाऱ्या दोषाच्या) नियमाने कोणताही संग वर्ज्य. मोडल्यास आयुष्यभरासाठी संघाबाहेर. झोपेत किंवा वेडाच्या भरात घडले तर दोष नाही. जाणूनबुजून वीर्यपात केल्यास सहा रात्रींचे मानत्त हे प्रायश्चित्त. लपवल्यास जितके दिवस लपवले तितके दिवस आधी परिवास, म्हणजे हक्क कमी करून ठेवलेला काळ. पूर्ववत करून घ्यायला २० भिक्षूंची सभा लागते. दहाव्या लेण्यातील उषवदात या दात्याच्या लेखात तिथे वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण नाण्यांची सोय आहे. आकडा जुळतो तो योगायोगानेही असेल, पण इतके भिक्षू पावसाळ्यात एकत्र असत म्हणजे अशी सभा भरवणे इथे शक्य होते.

रामकुंडावर श्राद्ध करणाऱ्याला आणि श्राद्धाचे जेवणाऱ्याला त्या दिवशी ब्रह्मचर्य सांगितले आहे. तीर्थयात्रेत भूमिशयन आणि एकभुक्ताबरोबर (दिवसातून एकदाच जेवण्याबरोबर) तेही येते. सिंहस्थात विवाहालाच आडकाठी आहे. मुहूर्तचिंतामणी या ज्योतिषग्रंथाप्रमाणे गुरू सिंहेत असताना गोदावरीच्या उत्तरेपासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंत विवाहाला दोष, इतर देशांत नाही. सूर्य मेषेत असेल तर या पट्ट्यातही नाही. गुरू सिंहेच्या सिंह नवमांशात (राशीच्या नऊ भागांपैकी एकात), म्हणजे १३°२०′ ते १६°४०′ मध्ये, असताना मात्र सर्वत्र वर्ज्य. काटेकोर वाचले तर डाव्या तीरावरची पंचवटी निषिद्ध पट्ट्यात येते आणि उजव्या तीरावरचे जुने नाशिक मोकळे राहते.

सांगोवांगीचे कायदे

‘जगातील विचित्र कायदे’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांतला मोठा भाग बनावट असतो. हाँगकाँगमध्ये फसवल्या गेलेल्या पत्नीला नवऱ्याला नुसत्या हातांनी मारण्याची मुभा आहे, हे खोटे. सरंजामदाराचा पहिल्या रात्रीचा हक्क युरोपात लेखी कायदा म्हणून सापडत नाही. सापडते ती कुळाच्या मुलीच्या लग्नावर घेतली जाणारी रक्कम. अशी नोंद तपासताना कलमाचा क्रमांक, वर्ष आणि ते रद्द झाले का, या तीन गोष्टी मागाव्यात. खरे कायदे या कसोटीला उतरतात. न्यूयॉर्क राज्याने व्यभिचार १९०७ मध्ये गुन्हा ठरवला आणि ते कलम २०२४ मध्ये रद्द केले; शेवटी त्याला ९० दिवसांपर्यंत कैद होती. भारतात दंडसंहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ ला, आणि व्यभिचाराचे कलम ४९७ त्याच महिन्याच्या २७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केले. या ४९७ खाली नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच होत नसे आणि पत्नीला फिर्याद करता येत नसे.