तारेवर उतरलेला झार

हातात गावाकडचं तालवाद्य, पुढ्यात दोन-चार यंत्रं आणि मंचावर एकटा माणूस. यंत्रांवर आवाज मुद्रित करून, बदलून घडवलेल्या या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास पॅरिसपासून सांगायची रीत आहे. १९४८ साली पिएर शेफर यांनी रेल्वेगाड्यांचे आवाज जुळवून रचना केली, म्हणे तिथून सुरुवात. पण त्याआधी चार वर्षं कैरोत शेतकी शिकणाऱ्या एका तरुणाने असाच प्रयोग करून लोकांना ऐकवलाही होता, आणि तोही लोकविधीतले आवाज घेऊन.

हा तरुण म्हणजे हलीम एल-दाब. जन्म १९२१चा, कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबातला; घरचा धंदा धान्याचा. १९३२ साली कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली, बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपातले नामवंत संगीतकार आले होते. अकरा वर्षांचा हलीम भावाबरोबर तिथे गेला होता. पुढे पियानो आणि दरबुका हे हाताने वाजवायचं तालवाद्य वाजवत त्याने शेतकी अभियांत्रिकी केली. पिकावरचे किडे आवाजाने हाकलता येतात का, हेही करून पाहिलं!

१९४४ साली त्याने रेडिओ केंद्रातून ध्वनिमुद्रणयंत्र मागून आणलं. टेपचा जमाना अजून यायचा होता. या यंत्रात केसासारखी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्या रिळावर धावायची; तुटली तर सरळ गाठ मारायची. ते अवजड धूड घेऊन तो गेला झारला. झार हा बायकांचा विधी. ढोल, गाणी, घुमणं. अंगात येणं पाहिलेल्या माणसाला फार समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की झारमध्ये बाईला लागलेलं भूत बहुधा हाकलत नाहीत, त्याची समजूत काढतात. पुरुषांना तिथे मज्जाव, म्हणून तो आणि त्याचा मित्र डोकं झाकून आत शिरले. आज हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

खरी करामत पुढची. रेडिओ केंद्रात भिंती सरकवता येणारी एक खोली होती. तिथे तो आवाज पुन्हापुन्हा वाजवून, घुमवून मुद्रित करत गेला आणि बायकांच्या गाण्यातला मूळ स्वरच काढून टाकला. उरले फक्त उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो ना, तसं. इथे खर्ज गेला आणि गंधार तेवढा राहिला, अशी कल्पना करा. हे त्याने त्याच वर्षी कैरोतल्या एका कलादालनात ऐकवलं.

१९५० साली शिष्यवृत्तीवर एल-दाब अमेरिकेला गेले. १९५८मध्ये अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या ‘क्लायटेमनेस्ट्रा’ या नृत्यनाट्याला त्यांनी संगीत दिलं. पुढच्याच वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात त्यांची ‘लैला अँड द पोएट’ ही रचना झाली. तिथे खोलीभर पसरलेल्या यंत्रावर गणिती शिस्तीने रचना करणारे मिल्टन बॅबिटसारखे संगीतकार होते. एल-दाब मात्र तिथेही माणसाचा आवाज आणि कैरोतली लय घेऊनच बसले. नंतर ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. २०१७ साली ते गेले.

कैरोतल्या त्या रचनेचा जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा आज ऐकायला मिळतो, ‘वायर रेकॉर्डर पीस’ या नावाने. त्यात शब्द एकही कळत नाही. लांबच्या विहिरीतून यावा तसा बायकांचा घुमारा वर येतो, हेलकावतो आणि मध्येच तुटतो.