पार्श्वभूमी : प्रोमोतोरा आणि पगाराचा रकाना

अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत मधुमेह निघाला की ‘तेंगो आसुकार’ म्हणतात. म्हणजे ‘मला साखर आहे’. आपल्याकडच्या ‘त्यांना शुगर आहे’चा हा भाऊबंदच. दवाखान्याच्या खोलीत पोचेपर्यंत या वाक्याचं ‘टाइप टू’ होतं आणि वाटेत बरंच काही सांडतं. ते सांडलेलं गोळा करायला कोणाला उभं करायचं आणि त्या माणसाचे पैसे कुठल्या रकान्यातून द्यायचे, या दोन प्रश्नांवर तिथे चाळीसेक वर्षं घासाघीस चालली आहे. पहिल्याचं उत्तर, म्हणजे प्रोमोतोरा ही वस्तीतलीच आरोग्यकार्यकर्ती, बरंच लवकर सापडलं होतं. गाडं अडलं ते दुसऱ्यावर.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकता येतो. १९६२ च्या कायद्याने हंगामी शेतमजुरांच्या दवाखान्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला, १९६५ पासून वस्तीपातळीवरची आरोग्यकेंद्रं उभी राहिली. पण लॅटिनोंमध्ये, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांमध्ये, मधुमेह किती, हे देशपातळीवर सांगणं अवघड होतं, कारण सरकारी नोंदींत हे लोक वेगळे मोजलेच जात नव्हते. स्पॅनिश मूळ असलेल्यांची आकडेवारी गोळा करा, असा कायदा १९७६ मध्ये आला. त्यानंतर १९८२ ते १९८४ या काळात त्यांच्यापुरतं स्वतंत्र आरोग्य सर्वेक्षण झालं. नैऋत्येकडच्या पाच राज्यांतले मेक्सिकन, फ्लोरिडाच्या डेड काउंटीतले क्यूबन आणि न्यूयॉर्क परिसरातले प्वेर्तो रिकन, असे तीन गट त्यात होते. ४५ ते ७४ वयोगटात मधुमेहाचं प्रमाण प्वेर्तो रिकनांत २६.१ टक्के, मेक्सिकनांत २३.९ टक्के आणि क्यूबनांत १५.८ टक्के निघालं. गोऱ्यांत ते १२ टक्क्यांच्या आसपास होतं. ‘लॅटिनो’ म्हणून एकच मोळी बांधायची सवय चुकीची आहे हे त्या तीन आकड्यांत तेव्हाच दिसत होतं, तरी पुढची कित्येक वर्षं पत्रकं एकाच मोळीसाठी छापली गेली.

त्याच सुमारास, १९७९ पासून, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एक मोठा अभ्यास चालू होता. मेक्सिकन वंशाच्या लोकांची गरीब वस्ती, मधली मिश्र वस्ती आणि सुखवस्तू उपनगर अशी तुलना त्यात होती. वस्ती सुधारत गेली तसं मधुमेहाचं प्रमाण घटत गेलं. वंश तोच, पत्ता वेगळा. तरीही जनुकाची चर्चा कायम जास्त रंगली. २०१३ च्या अखेरीस मधुमेहाचा धोका वाढवणारा एक जनुकप्रकार सापडला, तो निअँडरथल मानवाकडून आल्याचं कळलं आणि त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. विज्ञान म्हणून ते मोलाचं आहेच. पण ज्या दवाखान्यात स्पॅनिश बोलणारं कोणी नाही, तिथे त्या जनुकाने काही फरक पडला नाही.

उत्तर सापडलं ते टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत. इथली ९० टक्क्यांहून जास्त वस्ती मेक्सिकन मुळाची. १९८० च्या दशकापासून संशोधक इथे मधुमेह मोजत होते, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी मोजण्यापलीकडे जाऊन शिकवून पाहिलं. २५६ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभरात ५२ तासांचं शिक्षण मिळालं. आधी दर आठवड्याला वर्ग, मग हळूहळू विरळ होत गेलेल्या गटबैठका. शिकवणाऱ्या नर्स, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतल्या कार्यकर्त्या सगळ्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आणि त्याच समाजातल्या. वर्ग भरायचे ते शाळांत, चर्चमध्ये, वस्तीतल्या दवाखान्यांत, आणि रुग्णाबरोबर घरचं एखादं माणूस किंवा मैत्रीण यायची. तोर्तिया बंद करा असं सांगण्याऐवजी किती आणि कशाबरोबर खायच्या, हे त्या शिकवत. (भाकरी सोडा म्हणणारा आहारतक्ता ज्यांनी घडी करून खिशात ठेवून दिला आहे, त्यांना यातला फरक समजेल.) सहा महिन्यांनी या गटाचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, दुसऱ्या गटापेक्षा १.४ अंकांनी कमी होता. एखादी गोळी एवढं करते तेव्हा तिची जाहिरात होते.

याच निकालाची दुसरी बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. एवढं करूनही शिकलेल्या गटाची सरासरी १० च्या वर, म्हणजे अजून फार जास्तच होती. म्हणजे ५२ तासही पुरेसे नव्हते. आणि १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरने, म्हणजे पासष्टीनंतरच्या केंद्रीय विम्याने, मधुमेह-शिक्षणाचे पैसे द्यायचं मान्य केलं, ते पहिल्या वर्षी १० तासांचे आणि पुढे वर्षाला २ तासांचे. तेही डॉक्टरने लिहून दिलं तर.

शिकवायचं कोणी, हेही एव्हाना ठरत आलं होतं. मधुमेह-शिक्षकांसाठीची पहिली राष्ट्रीय परीक्षा १९८६ मध्ये झाली. १९९३ च्या मोठ्या चाचणीने काटेकोर नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे टाइप वनच्या रुग्णांत सिद्ध केलं आणि डॉक्टर-नर्स-आहारतज्ज्ञ यांच्या ‘टीम’ला वजन आलं. ही टीम बहुतांशी इंग्रजी बोलणारी होती. २०१८ मध्ये देशातल्या कार्यरत डॉक्टरांपैकी लॅटिनो जेमतेम ५.८ टक्के होते आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा १८ टक्क्यांच्या घरात होता.

इथे ‘प्रोमोतोरा’ हा शब्द येतो आणि सगळा गुंता त्याच्याभोवती आहे.

‘प्रोमोतोरा दे सालूद’, म्हणजे आरोग्याचा प्रसार करणारी, ही मूळची लॅटिन अमेरिकेतली. ग्वाटेमालातल्या चिमाल्तेनांगो भागात १९६० च्या दशकात स्थानिक माया लोकांनाच आरोग्याचं शिक्षण देऊन गावोगाव पाठवलं जात होतं. १९७५ मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांचं एक संकलन निघालं. त्यात चिमाल्तेनांगोच्या जोडीला अहमदनगर जिल्ह्यातलं जामखेडही होतं. तीन वर्षांनी सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागे असेच प्रयोग होते. ही कल्पना सीमा ओलांडून अमेरिकेत गेली ती शेतमजुरांच्या आणि सीमेलगतच्या दवाखान्यांतून. शब्दही स्पॅनिशच राहिला, कारण त्या बायका स्वतःला तेच म्हणवत होत्या.

सरकारी इंग्रजीत मात्र त्यांची ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ झाली. वरवर भाषांतर, पण दोन्ही एक नाहीत. प्रोमोतोरा आधी शेजारीण असते, मग कार्यकर्ती. वर्कर आधी नोकरदार असते. सुस्तोमुळे, म्हणजे अचानक बसलेल्या भीतीमुळे, आपल्याला साखर झाली असं एखादा रुग्ण मानतो, तेव्हा तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तिच्या आईनेही तेच मानलेलं असतं. इन्सुलिनने दृष्टी जाते ही भीतीही तिच्या ओळखीची. मामी इन्सुलिनवर आली आणि पुढे तिचे डोळे गेले, हे तिने पाहिलेलं असतं. इन्सुलिन फार उशिरा सुरू झालं होतं, एवढंच ती शांतपणे सांगते, आणि तिचं ऐकलं जातं.

टेक्सासने १९९९ मध्ये या बायकांसाठी कायदा केला. अधिकृत मजकुरात ‘प्रोमोतोरा किंवा कम्युनिटी हेल्थ वर्कर’ अशी दोन्ही नावं ठेवून प्रमाणपत्राची सोय झाली आणि २००१ मध्ये पगारी कामासाठी ते सक्तीचं झालं. १६० तासांचा अभ्यासक्रम, नाहीतर १००० तासांचा अनुभव. बाजूने बोलणारे म्हणाले की प्रमाणपत्राशिवाय विमा पैसे देणार नाही, दवाखाना बाईला कायम हंगामी अनुदानावर ठेवील आणि अनुदान संपलं की ती घरी. हे खरंच होतं. विरोधकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. जी वीस वर्षं दार ठोठावत फिरते तिला वर्गात बसवून वस्ती शिकवणार का? शिवाय १९८६ पासून कागदपत्रं नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं मालकासाठी बेकायदा आहे. काम पगारी झालं की कागद नसलेली बाई आपोआप बाहेर, आणि ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांचा सर्वांत जास्त विश्वास बहुधा तिच्यावरच. आपल्याकडे आशांना मिळतं ते मानधन की वेतन, या वादाची ज्यांना सवय आहे त्यांना इथली चिडचिड नवी नाही.

माझं मत विचाराल तर प्रमाणपत्र देण्यात चूक नव्हती. त्याच्या मागे पैसा उभा केला नाही, ही चूक होती. २०१० मध्ये या कामाला व्यवसायांच्या राष्ट्रीय यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. पैशाची खिडकी किलकिली झाली ती २०१४ च्या जानेवारीत आणि एका क्रियापदाने. मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यात तोवर प्रतिबंधक सेवा परवानाधारकाने ‘दिलेली’ असावी लागे. नियम बदलून ती परवानाधारकाने ‘सुचवलेली’ असली तरी चालेल असं झालं. द्यायची मात्र दुसऱ्या कोणी. ज्या राज्यांना वाटलं त्यांनी याचा फायदा घेतला. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या जुलैपासून या सेवेचे पैसे द्यायला सुरुवात केली.

मधल्या काळात भाषेची बाजूही पुढेमागे होत राहिली. २००० च्या ऑगस्टमधल्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी असं ठरलं. २०१६ च्या नियमांनी दवाखान्यात मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यावर बंधन आणलं. तोवर दहा वर्षांची मुलगी आईला ‘पाय कापावा लागेल’ हे स्पॅनिशमध्ये सांगते आहे, अशा प्रसंगाला नियमांत ठाम अटकाव नव्हता. १ मार्च २०२५ रोजी इंग्रजी अधिकृत भाषा जाहीर झाली आणि २००० चा आदेश रद्द झाला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० चा आरोग्य कायदा (‘ओबामाकेअर’) अजून जागेवर आहेत, त्यामुळे बंधनं संपली नाहीत. पण दुभाष्याच्या खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्याला आता निमित्त आहे. भाषेने काय होतं, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दिसलं होतं. स्पॅनिश न बोलणाऱ्या डॉक्टरकडून बोलणाऱ्याकडे गेलेल्या रुग्णांत साखर आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण, एका न बोलणाऱ्याकडून दुसऱ्या न बोलणाऱ्याकडे गेलेल्यांच्या तुलनेत, १० टक्क्यांनी जास्त वाढलं.

आपल्या ओळखीतले काही डॉक्टरही या गोष्टीत आहेत. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर प्रशिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरला मायदेशी परतायची अट माफ होते, ही सोय १९९४ ची. त्या वाटेने बरेच भारतीय डॉक्टर सीमेलगतच्या गावांत पोचले. त्यांचं दवाखान्यातलं स्पॅनिश कामापुरतंच असतं. ‘कुठे दुखतं’पर्यंत नीट जातं, ‘इन्सुलिनची भीती का वाटते’पाशी अडतं. तिथून पुढे बोलायला प्रोमोतोराच लागते.

आणखी एक मोठा आकडा. २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे १६,४१५ लॅटिनो प्रौढांची तपासणी झाली. १६.९ टक्क्यांना मधुमेह निघाला. दक्षिण अमेरिकी मुळाच्यांत १०.२ टक्के, मेक्सिकनांत १८.३ टक्के. मोळी पुन्हा सुटली. मधुमेह असलेल्यांपैकी विमा होता जेमतेम निम्म्यांकडे. २०१० च्या कायद्याने त्यातले काही आत आले, कागदपत्रं नसलेले बाहेर राहिले, आणि टेक्सास व फ्लोरिडाने मेडिकेडचा विस्तारच नाकारला.

२०२४ च्या जानेवारीपासून मेडिकेअरही अशा कार्यकर्त्यांच्या कामाचे पैसे देतं. रुग्णाने आधी डॉक्टरला भेटायचं. मग महिन्यात ६० मिनिटं भरली की त्याचा बिलाचा संकेतांक लावता येतो, त्याहून कमी भरली तर नाही. फोन, घरभेट, औषधाच्या दुकानातली खेप यांची मिनिटं कार्यकर्तीने टिपून ठेवायची. बिल निघतं ते डॉक्टरच्या नावाने.