डफरिन जॉग (टोरांटो)

डफरिन जॉग : कॅनडातील टोरांटो शहरात डफरिन स्ट्रीट या दक्षिणोत्तर हमरस्त्याला क्वीन स्ट्रीटपाशी रेल्वेच्या रुळांमुळे पडलेला खंड, आणि तो ओलांडण्यासाठी वाहनांना घ्यावा लागणारा वळसा. रुळांखालून काढलेला नवा रस्ता १८ नोव्हेंबर २०१० रोजी खुला झाला. त्याने डफरिन स्ट्रीट सरळ जोडला गेला आणि वळसा संपला.

टोरांटो आणि आसपासच्या मुलखाची आखणी इंग्रज मोजणीदारांनी साखळी टाकून केली. एक साखळी ६६ फुटांची, आणि शंभर साखळ्यांवर एक मोठा रस्ता. आपला गुंठा ज्या ३३ फुटी साखळीने मोजतात ती हिची बरोबर निम्मी. बाथर्स्ट, डफरिन, कील हे रस्ते आजही साधारण दोन-दोन किलोमीटरवर जवळपास समांतर धावतात ते या हिशेबामुळे. रेल्वेला मात्र काटकोनांचे सोयरसुतक नव्हते. १८५३ मध्ये ओंटारिओ, सिमको अँड ह्युरॉन कंपनीची (पुढची नॉर्दर्न रेल्वे) गाडी उत्तरेला निघाली, १८५६ मध्ये ग्रँड ट्रंकची लाइन ग्वेल्फला पोचली. त्यानंतर टोरांटो, ग्रे अँड ब्रूस आणि क्रेडिट व्हॅली या कंपन्यांनी आपापले रूळ त्याच पट्ट्यात टाकले. हा पट्टा आग्नेयेकडून वायव्येकडे तिरका जातो आणि डफरिन व क्वीन या रस्त्यांच्या चौकाचा ईशान्य कोपरा छाटतो. त्यामुळे क्वीन स्ट्रीट रुळांना भिडतो तो चौकाच्या किंचित पूर्वेला, आणि डफरिन स्ट्रीट किंचित उत्तरेला.

क्वीन स्ट्रीट रुळांखालून नेला गेला. डफरिन तुटलेलाच राहिला. उत्तरेकडून दक्षिणेला, ओंटारिओ सरोवराच्या दिशेने येणाऱ्या गाडीला पील ॲव्हेन्यूवर डावीकडे वळायचे, ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवर उजवीकडे वळून क्वीनपर्यंत यायचे, तिथे पुन्हा उजवीकडे वळून पुलाखालून पश्चिमेला यायचे आणि शेवटी डावीकडे वळून पुन्हा डफरिनला लागायचे. एकाच रस्त्यावर राहण्यासाठी चार वळणे. क्वीनवर तर ट्रामही असते, म्हणजे डफरिनची सगळी रहदारी थोड्या अंतरासाठी ट्रामच्या रुळांवर चढून पुन्हा उतरायची. नव्या माणसाची वाट इथे चुकायची. रोजच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली, पण वेळ दोघांचाही जायचा.

क्वीन स्ट्रीटखालच्या त्या जुन्या मार्गाची हकिकत या नोंदीत सांगणे भाग आहे, कारण रस्ता खाली नेणे एवढे अवघड का, हे तिच्यातून जितके कळते तितके अभियंत्यांच्या नकाशातून कळत नाही. १८८० च्या दशकात डफरिन स्ट्रीट ही टोरांटोची पश्चिम हद्द होती. पलीकडचे पार्कडेल हे वेगळे गाव. १८८९ मध्ये ते शहरात विलीन झाले. क्वीन स्ट्रीटवर चार कंपन्यांचे रूळ ओलांडताना अपघात होत. सरकारच्या रेल्वे समितीने रस्ता रुळांखालून नेण्याचा आदेश दिला आणि पार्कडेलच्या नगरपालिकेने ते काम अंगावर घेतले. रस्ता खोदून खाली गेला. त्याच्या कडेच्या जागा होत्या तिथेच, आधीच्या उंचीवर राहिल्या. काल ज्या दारातून पायरी उतरली की रस्ता होता, त्या दारापुढे आज खड्डा. वेस्ट आडनावाचा एक जागामालक आणि इतर काही जण कोर्टात गेले. नगरपालिकेचे म्हणणे, आम्ही रेल्वे कंपन्यांच्या वतीने, समितीच्या आदेशानुसार काम केले. भरपाईशी आमचा संबंध नाही. खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (वसाहतींसाठीचे अपिलाचे शेवटचे न्यायालय) गेला आणि १८८७ मध्ये नगरपालिका हरली. आदेश रेल्वे कंपन्यांना होता, काम नगरपालिकेने स्वतःच्या जबाबदारीवर केले, तेव्हा नुकसानही तिनेच भरून द्यावे, असा निकालाचा मथितार्थ. मुंबई उच्च न्यायालयातली अपिलेही त्या काळी याच कौन्सिलपुढे जात. रुळांखालून रस्ता नेताना माती काढण्याइतकाच मोठा खर्च कडेच्या जागांचा असतो, हे या निकालाने पैशांत मोजून दाखवले. क्वीनवरचा पूल पुढे १८९७ मध्ये नव्याने बांधण्यात आला.

अशा कामाचे गणित वरकरणी सोपे असते. गाड्या जाण्यासाठी साडेचार ते पाच मीटर मोकळी उंची, वर तुळयांची जाडी मीटरभर किंवा जास्त. म्हणजे रूळ उचलायचे नसतील तर रस्ता सुमारे सहा मीटर खाली गेला पाहिजे. वीस मीटरला एक मीटर असा उतार धरला तरी प्रत्येक बाजूला १२० मीटर लांबीचा उतार लागतो. रुळांच्या दोन्ही बाजूंना जवळच चौक असले, तर एवढी लांबी आणायची कुठून हा प्रश्न येतो, आणि डफरिनला एका बाजूला क्वीन, दुसऱ्या बाजूला पील होतेच. शिवाय चौकाची पातळी खाली घ्यायची तर आडव्या रस्त्याचीही घ्यावी लागते. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, वायूच्या नळ्या, तारा आधी हलवाव्या लागतात. कंत्राटाचा बराच काळ यातच जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काम थांबले आहे असे वाटते. वर गाड्या चालू ठेवायच्या असतील तर रूळ तात्पुरते बाजूला घेतात, किंवा आधी खांब व तुळया बसवून मग त्यांच्याखालची माती काढतात. भारतात लेव्हल क्रॉसिंगच्या जागी काँक्रीटची तयार चौकट जॅकने रुळांखाली ढकलतात ते 'बॉक्स पुशिंग' याच अडचणीवरचे दुसरे उत्तर.

खोलगट रस्त्याकडे पाणी धावणारच. अंधेरी किंवा मिलन सबवेचे नाव घेतले की मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. टोरांटोत त्यात बर्फाची भर पडते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते वितळलेल्या पाण्याबरोबर सखल भागात उतरते आणि काँक्रीटमधल्या सळया गंजवते.

या बदलाचा सगळ्यात थेट लाभ २९ क्रमांकाच्या डफरिन बसला झाला. शहरातल्या फार गर्दीच्या बसमार्गांपैकी हा एक. इंग्रजीत 'यातना'शी यमक जुळवून त्याला 'सफरिन डफरिन' म्हणतात. वळसा गेल्यावर बसची चार वळणे वाचली. टोपणनाव मात्र टिकून आहे, कारण उरलेल्या लांब मार्गावर बस सामान्य रहदारीतच अडकत राहिली. जॉग काढला की डफरिनचे दुखणे जाईल असे मानणाऱ्यांनी चौकापलीकडचा रस्ता पाहिला नसावा.

रस्त्याला नाव आहे ते लॉर्ड डफरिनचे. १८७२ ते १८७८ तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता आणि १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते त्याच्याच कारकिर्दीत, १८८५ च्या डिसेंबरात. त्याचे नाव लावलेले 'डफरिन' जहाज १९२७ पासून मुंबई बंदरात व्यापारी नौकांवरच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण जहाज होते. टोरांटोच्या रस्त्यापेक्षा आपल्याकडच्या जुन्या पिढीला ते जास्त ठाऊक.

डफरिनवरच्या रेल्वे पुलावरून आज प्रामुख्याने गो ट्रान्झिटच्या उपनगरी गाड्या आणि विमानतळाकडे जाणारी, जून २०१५ मध्ये सुरू झालेली यूपी (युनियन-पिअर्सन) एक्स्प्रेस धावते. भारतीय वंशाची मोठी वस्ती असलेल्या ब्रॅम्प्टनची गाडीही याच मार्गाने जाते. याच पट्ट्यात पूर्वेला स्ट्रॅकन ॲव्हेन्यूवर लेव्हल क्रॉसिंग उरले होते. गाड्यांची संख्या वाढवायची म्हटल्यावर तेही काढावे लागले. तिथे रस्ता खाली नेण्याऐवजी रूळच खंदकात उतरवले आणि स्ट्रॅकन ॲव्हेन्यू पुलावरून पलीकडे नेला.