हॉलंड संग्रहालय

हॉलंड संग्रहालय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्यात, हॉलंड शहरी असलेले स्थानिक इतिहासाचे वस्तुसंग्रहालय. स्थापना १९३७. प्रारंभीचे नाव ‘नेदर्लंड्स संग्रहालय’. १९९२ पासून ते १९१४ च्या जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत आहे.

शहराची वसाहत आल्बर्टस फान राल्टे (१८११–७६) या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली झाली. ९ फेब्रुवारी १८४७ हा स्थापनादिन रूढ असला, तरी तो फान राल्टे या परिसरात प्रथम पोहोचल्याचा दिवस होय. प्रत्यक्ष वस्ती त्यानंतरच्या आठवड्यांत उभी राहिली. नेदर्लंड्समधून झालेल्या या स्थलांतराच्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वसाहतकऱ्यांच्या वंशजांत रूढ असलेल्या परंपरेनुसार ते धर्मस्वातंत्र्यासाठी होते. १८३४ मध्ये राजाश्रय असलेल्या रिफॉर्म्ड चर्चमधून फुटलेल्या गटाच्या सभांवर बंदी आली, दंड झाले. स्वतः फान राल्टे यांनीही तुरुंगवास भोगला. हे खरे असले, तरी १८४० मध्ये नेदर्लंड्सचा राजा दुसरा विल्यम गादीवर आल्यावर हा जाच बराच ओसरला होता. उलट बटाट्यावरील करपा १८४५ मध्ये पसरला आणि लगेच पुढच्या वर्षी माणसे बोटीत चढली. त्यामुळे तात्कालिक कारण आर्थिक असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र कोणी कोणाबरोबर जायचे, हे ठरले ते चर्चच्या नात्यांनीच. या भागात आधीपासून असलेल्या ओडावा या मूळ अमेरिकन लोकांची एक वसाहत १८४९ मध्ये उत्तरेकडे निघून गेली.

संग्रहात सतराव्या-अठराव्या शतकांतील डच चित्रे, डेल्फ्ट या डच शहरातील निळी-पांढरी भांडी आणि घरगुती सामान आहे. काही वस्तू १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील डच दालनाच्या होत. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदर्लंड्स व्यापल्यावर त्या मायदेशी न परतता येथे आल्या. म्हणजे स्थलांतरितांच्या पेट्यांतून आलेले सामान आणि डच सरकारने जगाला दाखवण्यासाठी मांडलेले सामान, असे दोन वेगळे थर येथे शेजारी-शेजारी आहेत. पाहणाऱ्याने ते वेगळे ओळखावेत. संग्रहालयाचे पहिले संचालक विलर्ड विचर्स होते.

संग्रहालयाकडे दोन जुनी घरेही आहेत. पहिले महापौर आयझॅक कॅपन यांचे घर १८७४ चे आहे. दुसरे, ‘सेटलर्स हाउस’, ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री भडकलेल्या आगीत बहुतेक शहर जळाले तेव्हा वाचले. हे चिमुकले घर बांधणारा जहाजबांधणीतला सुतार आयरिश वंशाचा होता, डच नव्हे.